डाव्या हातात उजवा

१

सेंत-क्लेअर बंदरातल्या त्या यंत्राला सगळे 'पालथं' म्हणतात. वरच्या डोंगरातून लोहखनिज घेऊन मालगाडी आली की तिची एकेक वाघीण त्यात शिरते, यंत्र तिला दोन्ही बाजूंनी घट्ट धरतं आणि झोपेत कूस बदलावी तसं उलटं करतं. खनिज खालच्या लोखंडी जाळीवर कोसळतं. हिवाळ्यात ते वाटेतच गोठलेलं असतं. मोठी ढेकळं जाळीवर अडून राहतात आणि रोझेर गान्यों ती पहारीने फोडतो.

फेब्रुवारीतल्या त्या सकाळी गाडीची अगदी शेवटची वाघीण पालथी झाली आणि जाळीवर एक ढेकूळ अडलं. रोझेर पहार घेऊन खाली उतरला. ढेकळाला बूट होते.

सार्जंट आंजेल वोलाँ पोचली तेव्हा रोझेर एका बादलीवर बसला होता. त्याने पहार लांब टाकून दिली होती.

"ओळखलास का?" आंजेलने विचारलं.

"तूच बघ. तुमच्या वस्तीतलाच आहे."

झाकारी पिनेत होता तो. रेल्वेचा रूळ-तपासनीस. आंजेल त्याच्याच इन्नू आदिवासींच्या वस्तीत वाढलेली. त्याची बायको क्लेमाँस तिच्या वर्गात होती. झाकारी एका कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन गोठला होता. डावा पाय गुडघ्याखाली वाकडा होता आणि विजारीत टम्म सुजलेला. अंगाखालचं खनिज ढेकळासकट निघून आलं होतं आणि त्यात त्याच्या अंगाच्या आकाराचा खळगा पडला होता. खळग्याला आतून बर्फाचं पातळ अस्तर होतं.

"मेलेला माणूस बर्फ वितळवत नाही," आंजेल म्हणाली. "बराच वेळ जिवंत होता हा इथे."

रोझेर म्हणाला, "गाडी आली तीच विचित्र आली. मागची चाकं ठक-ठक वाजत होती. रुळावर घासून चपटी झाली की वाजतात तशी. वर खाणीत गाडी निघण्याआधी चाकं तपासतात, तिथे कोणी काही बोललं नव्हतं."

आंजेल झाकारीच्या हातांकडे बघत होती. त्याने लोकरीचे हातमोजे घातले होते आणि त्यांवर जाड पिवळ्या चामड्याचे मोठे मोजे. चामड्याच्या मोज्यांना अंगठ्यासाठी वेगळी पिशवी असते. त्या दोन्ही पिशव्या रिकाम्या होत्या आणि बाहेरच्या बाजूला वळलेल्या होत्या. डाव्या हातात उजवा मोजा होता, उजव्या हातात डावा.

जन्मभर थंडीत काढलेला माणूस स्वतःचे मोजे असे घालत नाही.

२

इन्स्पेक्टर तेरियोने दुपारपर्यंत प्रकरण उलगडून टाकलं होतं.

"हे बघ आंजेल, गाडी खाणीतून निघते ती थेट इथे. मध्ये थांबत नाही. म्हणजे त्याला वाघिणीत टाकलं ते खाणीतच. खाणीत ही गाडी भरली कोणी?"

आंजेलला उत्तर ठाऊक होतं. बास्त्याँ ग्रेग्वारने. क्लेमाँसचा धाकटा भाऊ, झाकारीचा मेहुणा.

"आणि गेल्या आठवड्यात खाणीच्या कँटीनमध्ये दोघांची जुंपली होती. सगळ्यांनी ऐकलंय. झाकारी म्हणत होता, खिंडीतला रूळ तडकलाय, लाइन बंद करायला लावतो. बास्त्याँ काय म्हणाला माहीत आहे? 'लाइन बंद केलीस तर तुला याच खनिजात पुरीन.'"

"असं तर माझी आई मला रोज म्हणायची."

"तुझी आई वाघिणी भरत नव्हती. शेवटची वाघीण भरली की त्याला कोणी बघत नसतं."

बास्त्याँला खाणीतून विमानाने खाली आणलं. तो कोठडीत भिंतीकडे तोंड करून बसला होता. आंजेल आत गेली तरी वळला नाही.

"भांडलास कशावरून?" तिने विचारलं.

"आधीच खाण शेवटच्या घटका मोजतेय. मालक लोक नुसतं कारण शोधतायत. लाइन आठवडाभर बंद झाली की म्हणतील, आता पुरे. मी त्याला म्हटलं, जरा दम धर, उन्हाळ्यात दुरुस्त करतील. तो म्हणाला, उन्हाळ्यापर्यंत गाडी नदीत जाईल." बास्त्याँ थांबला. "मला मासे धरायला त्याने शिकवलं, आंजेल. क्लेमाँसला सांग ना."

आंजेल सांगायला गेली. क्लेमाँस दारातच उभी राहिली, आत ये म्हणाली नाही.

"बास्त्याँचा फोन आला होता," ती म्हणाली. "मी त्याला सांगितलं, तू माझा भाऊ नाहीस. आईच्या थडग्यावरसुद्धा पाय ठेवू नकोस."

"क्लेमाँस, अजून काहीच नक्की नाही."

"मग का धरलाय त्याला?"

आंजेल ठाण्यावर परतली. तेरियोला तिने चामड्याच्या मोज्यांबद्दल सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "घाईत घातले असतील."

"पाय मोडलेला, एकटा, वाघिणीत पडलेला माणूस. त्याच्याकडे मोज्यांची दुसरी जोडी आली कुठून?"

तेरियोने खिडकीबाहेर पाहिलं. "तुला दोन दिवस देतो," तो म्हणाला.

३

गाडी चालवली होती गेतान आर्सनोने. पन्नाशीचा, जाडजूड, मऊ आवाजाचा माणूस. अडीच किलोमीटर लांबीच्या गाडीवर तो एकटा असतो. दुसरा ड्रायव्हर कंपनीने केव्हाच कमी केला.

"कुठे थांबलास?"

"कुठेच नाही."

"चाकं चपटी झालीत."

"थंडीत होतात. ब्रेक चिकटतात."

"झाकारीशी तुझं बरं नव्हतं म्हणे."

गेतानने खाली पाहिलं. "मला इंजिनात डुलकी लागलेली त्याने पाहिली होती, वर कळवलं होतं. खरं होतं ते. त्याचा राग नव्हता मला." जरा वेळाने त्याने विचारलं, "त्याला... फार वेळ लागला का?"

खून झालेल्या माणसाबद्दल लोक सहसा विचारतात, कोणी मारलं. हा विचारत होता, किती वेळ लागला.

इंजिनात प्रत्येक फेरीची नोंद ठेवणारी पेटी असते. आंजेलने ती मागितली. कंपनीच्या माणसाने अदबीने सांगितलं की इंजिन रिकाम्या गाडीला लावून परत वर पाठवलंय. ते खाली आलं तोवर नव्या फेऱ्यांनी जुनी फेरी पुसून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी ती लाइनवर गेली. खिंडीच्या अलीकडे, बंदराच्या बाजूला, रूळ-कामगारांचा कॅम्प आहे. तिथला मुकादम नॉर्माँ लब्राँ झाकारीचा वरिष्ठ होता. त्याने तिला कॉफी दिली, खुर्चीवरचं आपलं जाकीट उचलून जागा केली.

"वाईट झालं," तो म्हणाला. "गुणी पोरगा. पण बाटली काही सुटली नाही."

"झाकारी पीत नव्हता. कित्येक वर्षं."

"बायकोला असंच वाटणार. त्या दिवशी मी त्याला खिंडीच्या वर, खाणीच्या बाजूला, सांध्यांवरचा बर्फ काढायला पाठवलं. तिथे त्याची गाडी बंद पडली. रेडिओवर मला म्हणाला, गाडी सुरूच होत नाही. मी म्हटलं, थांब, येतो. जाऊन बघतो तर गाडी आहे, माणूस नाही. चालत्या मालगाडीवर चढला असणार. प्यायलेल्या माणसाला काय कळतं?"

"म्हणजे बास्त्याँने काही केलं नाही."

नॉर्माँ हसला. "तुमचे साहेब म्हणतात केलं. मी कोण मधे बोलणारा?"

रुळांवर चालणारी झाकारीची ती गाडी कॅम्पच्या अंगणात उभी होती. आंजेल सहज चढली आणि तिने किल्ली फिरवली. पहिल्याच झटक्यात इंजिन सुरू झालं.

दारात उभ्या नॉर्माँचं हसू गेलं नाही, फक्त तिथेच थिजलं. "दुरुस्त केली आम्ही," तो म्हणाला.

४

"मला खिंड दाखवा," आंजेल म्हणाली.

नॉर्माँने स्वतः गाडी हाकली. वाटेत तो बोलत राहिला. त्याचा बाप याच लाइनवर होता, त्याने खडी टाकली होती. खाण बंद झाली तर वरचं गाव वर्षभरात ओस पडेल, शाळा जाईल, दवाखाना जाईल. "मग तुम्ही कोणाचा तपास करणार? कोल्ह्यांचा?" हे तो गमतीने म्हणाला नव्हता.

खिंड तीन-चार किलोमीटर लांब आहे आणि तिच्या दोन्ही बाजूंना सरळ कातळ आहे. बर्फ काढणाऱ्या यंत्राने फेकलेल्या बर्फाला तिथे जायला जागाच नसते, तो रुळांच्या कडेला साचत जातो आणि हिवाळाभर दगडासारखा घट्ट होतो. आंजेल त्या बर्फावर चढून उभी राहिली. खाली रूळ होते, जुने, तांबूस कडांचे. पण एका ठिकाणी रुळाचा एक तुकडा वेगळा दिसत होता. कडा निळसर, बोल्ट कोरे.

"हा नवा आहे."

"रूळ बदलतच असतो आम्ही. तेच काम आहे."

"कधी बदलला?"

"आठवत नाही."

तेवढ्यात नॉर्माँच्या रेडिओवर आवाज आला: भरलेली गाडी येतेय. त्याने आपली गाडी रुळांवरून कातळातल्या एका खोबणीत बाजूला घेतली. आंजेल बर्फावरच थांबली. आधी कातळ थरथरला, मग इंजिनं गेली, मग एकामागून एक वाघिणी. त्यांच्या कडा तिच्या पायांच्या पातळीत होत्या. आत लाल-काळं खनिज, त्यावर भुरभुरलेला बर्फ, इतक्या जवळ की एक पाऊल टाकलं असतं तर ती वाघिणीत गेली असती.

वाघिणीची शिडी उभी असते. पाय मोडलेला माणूस ती चढू शकत नाही. एकटा माणूस दुसऱ्याला तीवरून उचलूनही नेऊ शकत नाही. पण या बर्फावरून ओढत नेऊन आत सरकवू शकतो. मात्र त्यासाठी गाडी उभी हवी.

शेवटची वाघीण गेली. आंजेलने मागे पाहिलं. नॉर्माँ गाडीत बसून तिच्याकडेच बघत होता.

"सार्जंट," तो शांतपणे म्हणाला, "तुम्हाला जे वाटतंय ते सिद्ध करायला माणूस लागेल. आणि तो माणूस बोलणार नाही."

५

गेतान स्वयंपाकघरात एकटाच होता. समोर वाटाण्याच्या सुपाचा वाडगा निवत होता. आंजेलने कागदी पिशवीतून ते पिवळे मोजे काढून टेबलावर ठेवले.

"हे कंपनी इंजिनवाल्यांना देते. रुळावरच्या माणसांना नारिंगी मिळतात, मी कॅम्पवर पाहिले. तुझे कुठे आहेत?"

तो मोज्यांकडे बघत राहिला.

"हे त्याला कोणीतरी समोर उभं राहून घातलेत," ती म्हणाली. "समोरच्याचा डावा हात आपल्या उजवीकडे येतो. घाईत, कुडकुडताना, गफलत होते. ज्याने घातले त्याचे स्वतःचे हात त्यानंतर उघडे राहिले. मारायला निघालेला माणूस असं करत नाही, गेतान. म्हणून मला कळेना. मग कळलं की तुला त्याला मारायचं नव्हतं."

गेतानने हात टेबलाखाली घेतले. पण आंजेलने बोटांची काळी पडलेली टोकं आधीच पाहिली होती.

"नॉर्माँ रेडिओवर म्हणाला, लाइन मोकळी आहे, पूर्ण वेगाने ये," तो बोलू लागला. "मधेच झाकारीचा आवाज आला. गेतान, थांब, खिंडीतला रूळ तुटलाय. नॉर्माँ म्हणाला, ऐकू नकोस, प्यायलाय तो. आणि मी ऐकलं नाही. डुलकीचं प्रकरण डोक्यात होतं, त्या दिवशी तुला खोटं सांगितलं. मला वाटलं, बस आता ओरडत."

"तो तुझ्या मागून येत होता."

"हो. चढावर भरलेली गाडी माणसाच्या चालीने जाते. तिथे त्याने आपल्या रुळावरच्या गाडीतून गाठलं आणि शेवटच्या वाघिणीच्या शिडीवर चढला. मी उताराला लागलो, वेग धरला, तेव्हा त्याने मागचा हवेचा नळ उघडला. हवा गेली की सगळे ब्रेक एकदम लागतात. अख्खी गाडी किंचाळली. खिंडीत थांबलो. इंजिनासमोर, हाताच्या अंतरावर, रुळाला बोट जाईल एवढी फट होती."

"म्हणजे त्याने तुला वाचवलं."

"हो."

सुपावर साय धरली होती. गेतानने वाडगा बाजूला सारला.

"मी चालत मागे गेलो. तो झटक्याने फेकला गेला होता, पाय गेला होता. शिव्या देत होता मला. मग हसला. म्हणाला, आता तरी जागा झालास? मी नॉर्माँला सांगितलं. तो म्हणाला, त्याला वाघिणीत घाल, फट हळूहळू पार कर आणि कॅम्पशी थांब, आम्ही उतरवून घेतो, हेलिकॉप्टर बोलावतो. मी त्याला बर्फावरून ओढलं, आत ठेवलं, मोजे घातले. म्हटलं, जवळच आहे कॅम्प."

"मग थांबला का नाहीस?"

गेतानने उठून शेगडी बंद केली.

"कॅम्प आला. मी वेग कमी करत होतो. नॉर्माँ रेडिओवर म्हणाला, थांबू नकोस, पोरांनी उतरवून घेतला त्याला, चल." गेतानचा मऊ आवाज आणखी खाली गेला. "गाडी चालूच होती, आंजेल. शेवटची वाघीण तर अजून कॅम्पपर्यंत पोचलीही नव्हती. मला माहीत होतं ते. मी म्हटलं, ठीक आहे. आणि गेलो."

"पुढे कुठेही थांबता आलं असतं तुला."

"थांबून मागे जाऊन बघितलं असतं आणि तो तिथे असता, तर? नसेलच, असं म्हणत आलो. बंदरापर्यंत तेच म्हणत आलो. घरी येऊन जेवलो."

६

गेतानने सगळं लिहून दिलं आणि सही केली. त्याच्यावर खटला झाला, तो तुरुंगात गेला. बचावाचा वकील त्याने स्वतःच नको म्हटला.

नॉर्माँ लब्राँ म्हणाला की रेडिओवर तो यातलं काहीच बोलला नव्हता. कॅम्पवरची पोरं म्हणाली की त्यांनी काही ऐकलं नव्हतं. खिंडीतला रेडिओ बंदरापर्यंत पोचत नाही, त्यामुळे त्यावरचं बोलणं कुठेच साठवलं जात नाही. तुटलेल्या रुळाचे तुकडे भंगाराच्या बोटीतून भट्टीत गेले होते. एका आरोपीचा शब्द, तोही इंजिनात डुलकी घेतल्याची नोंद असलेल्या माणसाचा. सरकारी वकिलाने फाइल आंजेलला परत दिली. "तुमचं बरोबर असेल," तो म्हणाला. "मी काही करू शकत नाही."

बास्त्याँ सुटला तेव्हा खाणीत त्याच्या जागी दुसरा माणूस आला होता. क्लेमाँसने त्याला निरोप पाठवला, तू घरी ये. तो आला नाही. पश्चिमेकडे कुठेतरी गेला असं वस्तीत म्हणतात. त्याचा फोन लागत नाही.

गाड्या एक दिवसही बंद राहिल्या नाहीत. आणि जिच्यासाठी हे सगळं झालं ती खाण जूनमध्ये बंद झाली. खनिजाचा भाव पडला होता. रुळाशी त्याचा काही संबंध नव्हता.

खटला संपला त्या दिवशी आंजेल क्लेमाँसकडे गेली. या वेळी क्लेमाँसने तिला आत घेतलं, चहा केला, तव्यावरची रोटी मोडून पुढे ठेवली. दोघी खिडकीजवळ बसल्या. आंजेलने तिला सगळं सांगितलं, काहीच वगळलं नाही. क्लेमाँस मान हलवत ऐकत होती, जणू दुसऱ्याच कोणाची गोष्ट.

"त्याला माहीत होतं का, कोणी येणार नाही ते?" शेवटी तिने विचारलं.

"नाही," आंजेल म्हणाली. हे तरी सांगता आलं याचं तिला बरं वाटलं. "गेतानने त्याला सांगितलं होतं की कॅम्प जवळ आहे, तिथे उतरवून घेतील. त्याचा विश्वास बसला होता."

क्लेमाँसने कप खाली ठेवला.

"वाघिणीत झोपलेल्या माणसाला बाहेरचं काय दिसतं?"

आंजेलने विचार केला. "काही नाही. आकाश."

"म्हणजे कॅम्प गेला ते त्याला कळलंच नसेल."

आंजेलनेही कप खाली ठेवला.

"गाडी जरा हळू झाली की त्याला वाटलं असेल, आला," क्लेमाँस म्हणाली. "वळणावर हळू होते. पुलावर होते. बंदरापर्यंत कितीदा होते, आंजेल?"

बाहेर तिच्या दारावरून वस्तीतली माणसं घरी चालली होती. आंजेलला त्या लाइनवरची सगळी वळणं पाठ होती. तिने ती मनात मोजायला सुरुवात केली आणि मग थांबली.